नाथमाधव : रहस्य आणि इतिहास

ऐतिहासिक कादंबरीची गोडी मराठी वाचकास हरिभाऊ आपट्यांनी लावली. त्या गोडीत रहस्याची उत्कंठा मिसळली ती नाथमाधवांनी. द्वारकानाथ माधव पितळे (१८८२-१९२८) ह्यांच्या आयुष्यास सिंहगडावरील अपघाताने वेगळे वळण दिले. कड्यावरून पडून त्यांचा कमरेखालचा भाग लुळा झाला; आणि अंथरुणास खिळलेल्या ह्या गृहस्थाने पुढे लेखणीनेच घोडदौडी केल्या.

'वीरधवल' (१९१३) हे त्या शक्तीचे ठळक उदाहरण होय. वातावरण जुन्या राजेरजवाड्यांचे, राज्य मात्र कल्पित. गुपित लेखकाच्या मुठीत आहे आणि तो एकेक बोट सावकाश उघडतो. रेनॉल्ड्सचे वळण लपत नाही; योगायोगही फार. वकिलाच्या नजरेने पाहता ह्यांतील पुष्कळसा पुरावा उलटतपासणीत टिकणार नाही. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पुढील 'स्वराज्य'मालेत मात्र प्रश्न बिकट झाला. शिवकालात शेवटी काय घडले हे शाळकरी मुलासही ठाऊक. तेव्हा घटनेचे रहस्य उरत नाही. उरते ते माणसाच्या निष्ठेचे : इमानी कोण, फितूर कोण, आणि का? मालेतील एका ग्रंथाचे नावच 'स्वराज्यातील दुफळी' आहे. विषय हाती होता. परंतु कथानकाच्या वेगापुढे मनाचा तळ गाठण्याचे राहून गेले, असे आमचे मत आहे.

बेळगाव-निपाणीकडील आपण वाचकांनी ह्याचा विशेष विचार करावा. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याकडे जुना शिलालेख दिसला, की तो काय सांगतो ह्याआधी तो कोणाच्या बाजूचा हे विचारले जाते. वस्तुतः हलशी व गोवे ही दोन्ही एकाच कदंब घराण्याची ठाणी. हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर उभे आहेत. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्टांच्या काळची, १२०४ सालची. मराठी, कोकणी व कानडी माणूस ज्या मातीत एकत्र वाढला, तिच्यात नाथमाधवांच्या तोडीच्या कथेस लागणारे सारे आहे.

ती कोणी लिहावी. मात्र निकाल आधी लिहून मागाहून साक्षी तपासणारा न्यायाधीश जसा अपात्र, तसाच असा कादंबरीकारही, हे त्याने विसरू नये.