वेदरबरीचा मग

टॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' ही कादंबरी १८७४ साली 'कॉर्नहिल' मासिकातून क्रमशः, लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. आमच्याकडे ती शिकवली जाते ती ग्रामीण प्रेमकथा म्हणून. बाथशीबा ही मानी तरुणी, तिच्यामागे लागलेले तीन पुरुष, निसर्ग आणि नियती, या चार खुंट्यांना सगळ्या नोट्स टांगलेल्या असतात. मीही ती शिकवतो. परंतु ज्याच्या घराण्यात आधी कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्याचे लक्ष या खुंट्यांवर ठरत नाही. ते प्रेमाच्या मागे उभ्या असलेल्या व्यवहाराकडे जाते. गॅब्रिएल ओक लग्नाची मागणी घालतो तीसुद्धा पियानो आणि घोडागाडीचे आश्वासन देऊन!

तेव्हा ओककडे दोनशे मेंढ्या होत्या, पण पैसे पुरते फिटलेले नव्हते. त्याचा तरणा कुत्रा एका रात्री कळपाला कड्यावरून खडूच्या खाणीत लोटतो. विमा नाही. होते नव्हते ते विकून ओक देणे फेडतो आणि कॅस्टरब्रिजच्या मजूरबाजारात उभा राहतो. तिथे दोन-तीनशे माणसे उभी आहेत. गाडीवानांच्या टोपीला चाबकाची दोरी, घरे शाकारणाऱ्यांच्या टोपीला काड, मेंढपाळांच्या हातात आकडी. मालक चेहरा पाहत नाहीत, खूण पाहतात. कारभारी म्हणून कुणी घेत नाही, तेव्हा ओक अंगावरचा कोट देतो आणि मेंढपाळाचा झगा घेतो.

इथे आपल्यातल्या काहींना, 'हे तर इंग्लंडमधले बलुतेदार', असे लिहिण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. ओकने कोट उतरवला तो मोबदल्यात झगा मिळाला म्हणून. पुढे तो बाथशीबाचा कारभारी होतो, बोल्डवुडच्या शेतीच्या उत्पन्नात वाटा मिळवतो आणि शेवटी बाथशीबाचा नवरा होतो. जात अशी दुकानदाराला देऊन बदलून घेता येत नाही.

हा फरक ज्या पानावर लख्ख दिसतो ते पान समीक्षकांनी विनोदाच्या सदरात टाकले आहे. ओक वेदरबरी गावात परका, कफल्लक, रात्रीचा येतो. जव भाजण्याच्या भट्टीत गावातले मजूर शेकत बसलेले असतात. म्हातारा भट्टीवाला त्याचे नाव विचारतो आणि म्हणतो, तुझ्या आजोबाला मी ओळखत होतो. (नाव आणि आजोबा विचारण्याचा आपल्याकडचा हेतू वेगळा असतो.) मग राखेत ठेवलेला, तडे गेलेला दोन कानांचा मग त्याच्या हाती येतो. सगळे त्यातूनच पीत आहेत. कुणीतरी पाहुण्यासाठी स्वच्छ भांडे मागते. ओक म्हणतो, नको. गाव खूश होते. एवढेच!

एवढेच कसे? माझे आजोबा सांगत, गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असे आणि पिऊन झाल्यावर ती त्यांनाच विसळून ठेवावी लागे. हार्डीने हे पान लिहिल्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १९२७ साली, पाण्याची एक ओंजळ घेण्यासाठी महाडला हजारो माणसांना चालत जावे लागले. वेदरबरीत गरिबी आहे, मालकी आहे, पण मगाला विटाळ नाही. म्हणूनच हार्डीला तिथे हसता येते.

त्याचे हे हसू मात्र मला नेहमी सोसत नाही. वेदरबरी म्हणजे डॉर्सेटमधले पडलटाउन. तिथून काही मैलांवर टोलपडल आहे. संघटनेची गुप्त शपथ घेतली म्हणून १८३४ साली तिथल्या सहा शेतमजुरांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोसेफ आर्चने शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली ती १८७२ साली, म्हणजे कादंबरीच्या अवघी दोन वर्षे आधी. भट्टीतल्या गप्पांत यातले काही येत नाही. मजूर पितात, बोबडी वळवून घेतात, गाणी म्हणतात. पुढे १८८३ च्या 'द डॉर्सेटशायर लेबरर' या निबंधात हार्डीने मजुराला गबाळा ठरवणाऱ्या शहरी नजरेची हजेरी घेतली. ती जाणीव कादंबरीत मात्र अधूनमधूनच जागी होते.

ती पुरती जागी होते फॅनी रॉबिनपाशी. फॅनी ही बाथशीबाच्या घरची मोलकरीण. तिच्याकडे शेत नाही, गंजी नाही, त्यामुळे तिचे प्रेम कुणाला सांभाळावेसे वाटत नाही. पोटुशी असताना ती एका भटक्या कुत्र्याच्या आधाराने रस्ता कापत अनाथालयाच्या दारी पोचते. कुत्र्याला दगड मारून हाकलतात. ती मरते, बाळही मरते. पेटीवर खडूने लिहिलेले असते, फॅनी रॉबिन आणि मूल. मालकिणीला धक्का बसू नये म्हणून ओक रुमालाने शेवटचे दोन शब्द पुसतो.

ओकच्या या हळवेपणाचे कौतुक मी अनेक ठिकाणी वाचले आहे. पण भट्टीकडे जाताना अंधारात याच मुलीला त्याने एक शिलिंग दिला होता. त्या भल्या माणसाचा हातही मालकिणीच्या झोपेसाठी मोलकरणीचे मूल पुसतो, हे कौतुक करणाऱ्यांना दिसत नाही. हार्डीला ते दिसते. त्याच रात्री तो बाथशीबाला स्वतःच्या हातांनी पेटी उघडायला लावतो. नोट्समध्ये हा प्रसंग 'बाथशीबाचा मनोभंग' या मथळ्याखाली असतो. फॅनीच्या नावाचा मथळा मी अजून पाहिलेला नाही.