चित्रकादंबरी आणि वर्गांतील गट

‘भीमायन’ हें २०११ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पुस्तक आतां महाविद्यालयांतून शिकविलें जातें. डॉ. आंबेडकरांच्या आत्मपर आठवणींचा त्यास आधार आहे. चित्रें दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांचीं आहेत. पाणी, निवारा व प्रवास असे त्याचे तीन भाग असल्यामुळें वर्गाचेही तीन गट पाडून एकेक भाग वांटून देण्याचा मोह शिक्षकास होतो. आमच्या मतें ही वांटणी या ग्रंथास मारक आहे.

व्याम दांपत्यानें पात्रांना चौकटींत कोंडलेलें नाहीं. चित्रें पानभर मोकळीं वाहतात. सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, तर विखारी बोलण्याच्या फुग्यास विंचवाची नांगी. अशी खूण एकट्याच्या नजरेंतून निसटते, ती चौघांच्या नजरेस पडते. गटाचें खरें प्रयोजन हेंच. म्हणून सर्व गटांपुढें एकच पान ठेवावें, प्रथम प्रत्येकानें तें मुकाट्यानें पाहावें, व मगच चर्चेस तोंड फोडावें.

परंतु गट म्हणजे आपोआप समता नव्हे. सफाईनें इंग्रजी बोलणारा एकटाच बोलतो, आणि जातीचा प्रश्न निघतांच सर्वांच्या नजरा एखाद्या दलित विद्यार्थ्याकडे वळतात. त्यानें साक्ष द्यावी अशी अपेक्षा करणें म्हणजे ज्या चौकटी चित्रकारांनीं मोडल्या त्या वर्गांत पुन्हां उभारणें होय. बोलण्याची पाळी बांधून द्यावी, आणि प्रश्न पुस्तकास विचारावा, विद्यार्थ्यास नव्हे. शाळेंत पाण्याच्या घोटासाठीं दुसऱ्याच्या मर्जीची वाट पाहणाऱ्या मुलाची ही कथा आहे. ती शिकवितांना एकाही विद्यार्थ्यास बोलण्यासाठीं तसें ताटकळत ठेवूं नये.