दम्यावरील संयुक्त गोळी : श्रेय कोणाचे?

गिरगावातील खोताची वाडी ही अरुंद गल्ल्यांची व जुन्या लाकडी घरांची वस्ती आहे. पावसाळ्यात अशा घरांत ओल येते, बुरशी धरते, धुळीतील सूक्ष्म किडी फोफावतात. आणि ज्यांची प्रकृती मुळात ॲलर्जीची, त्यांना सकाळी शिंका व रात्री धाप अशी दोन्ही दुखणी एकदम जडतात. अशा रुग्णाला एकाच गोळीतून हिस्टामिनविरोधी द्रव्य व कॉर्टिकोस्टिरॉइड देणे प्रथमदर्शनी सयुक्तिक वाटते. बीटामेथासोन ०.२५ मिलिग्रॅम व डेक्सक्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम हे त्याचे परिचित उदाहरण होय. या योजनेमागील युक्तिवाद तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

हिस्टामिनने श्वासनलिका आकुंचन पावते, स्टिरॉइडने दाह शमतो. तेव्हा दोहोंच्या संयोगाने अधिक गुण यावा, असे प्रतिपादन केले जाते. यातील पहिले गृहीतक अपुरे आहे. दम्यातील आकुंचनात ल्यूकोट्राइनांचा वाटा मोठा असून त्यांवर हिस्टामिनविरोधी द्रव्यांची मात्रा चालत नाही. १९३७ साली डॅनिएल बोव्हे व ॲन-मरी स्टोब यांनी या वर्गाचा मार्ग दाखविला. पुढे ही द्रव्ये शिंका व अंगावर उठणारे पित्त यांवर उपयुक्त ठरली. दम्यात मात्र ती मुख्य औषध होऊ शकली नाहीत.

म्हणूनच संयुक्त गोळीने धाप उतरली, तर ते यश बहुतांशी स्टिरॉइडचे समजावे. मिश्रणाचा दावा सिद्ध करावयाचा तर चार गटांची तुलना हवी : केवळ पहिले द्रव्य, केवळ दुसरे, दोन्ही, आणि दोहोंपैकी एकही नाही. मिश्रण घेऊन रुग्ण सुधारला, एवढ्याने काहीच ठरत नाही.

मात्रेचा आक्षेप याहून गंभीर आहे. ०.२५ मिलिग्रॅम बीटामेथासोन म्हणजे सुमारे २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. तीव्र झटक्यात प्रौढाला दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन लागते. तेवढ्यासाठी सुमारे १९ गोळ्या द्याव्या लागतील, आणि त्यांबरोबर ३८ मिलिग्रॅम डेक्सक्लोरफेनिरामिन पोटात जाईल. त्याची रूढ दैनिक कमाल मर्यादा मात्र १२ मिलिग्रॅम आहे. उलटपक्षी, रोज चार गोळ्या महिनोन्‌महिने घेणारा रुग्ण नकळत ८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके स्टिरॉइड घेत राहतो. झटक्याला ते अपुरे, पण अधिवृक्क ग्रंथी मंदावण्यास व हाडे ठिसूळ होण्यास पुरेसे! ‘ॲलर्जीची गोळी’ म्हणून ती तो एके दिवशी अचानक थांबवितो, तेव्हा धोका अधिकच वाढतो.

नाक व छाती यांचा संबंध नाकारण्याचे कारण नाही. दोन्ही विकार असतील तर दोहोंवर इलाज व्हावा. परंतु प्रत्येक औषधाची मात्रा स्वतंत्रपणे कमीअधिक करता आली पाहिजे. १९७२ पासून श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड उपलब्ध असल्याने दैनंदिन नियंत्रणासाठी पोटातून स्टिरॉइड देण्याचे प्रयोजन बव्हंशी उरलेले नाही. संयुक्त गोळीची सोय खरी. पण ती लिहिणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नव्हे.