शेवट कापलेली गोष्ट

दोन माणसे मोटारसायकलवरून गल्लीत येतात. मुले क्रिकेट खेळत असतात. मागे बसलेला एका मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. मूळ चित्रफितीत गाडी परत येते, मुलाला सोडले जाते आणि फलक दाखवला जातो: मूल पळवायला क्षण पुरतो, लक्ष ठेवा. 2016 साली कराचीच्या ‘रोशनी हेल्पलाइन’ने हरवणाऱ्या मुलांसाठी ती केली होती. भारतभर फिरली तेव्हा तिचा शेवट कापलेला होता. त्याबरोबर कराचीही गेली.

संपादन म्हणजे काय यावर आपण साहित्यिक तासन्‌तास बोलतो. पण इतके परिणामकारक संपादन अलीकडच्या वाङ्मयात मला तरी दिसलेले नाही. चित्रात काहीही न घालता, फक्त काही सेकंद वगळून, मुलांच्या रक्षणासाठी केलेली कृती माणसांच्या जिवावर उठवली गेली. सोबतचा मजकूर स्थानिक भाषेत: टोळी आपल्या भागात उतरली आहे. ‘आपल्या भागात’ हे दोन शब्द पाहा. गावाचे नाव नाही, म्हणून ते प्रत्येक गावाला लागू पडतात. लेखक नाही, तारीख नाही. पाठवणारा मात्र आपला मावसभाऊ असतो, म्हणून विश्वास बसतो.

1 जुलै 2018 रोजी, बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्यात पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारण्यात आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणारे लोक. 2024 मध्ये सात आरोपींना जन्मठेप झाली. त्याच 1 जुलैला मुस्लिमबहुल मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरले. त्यांत दोन वर्षांचे एक मूलही होते. पोलिसांनी त्यांना सोडवले म्हणून ती बातमी आज कोणाला आठवत नाही.

आपण आठवायला हवी. हडपसरला 2 जून 2014 रोजी फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून तापलेल्या वातावरणात मोहसीन शेख मारला गेला, आणि 2023 मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्याच्याविषयी आपण बोलतो, बोललेच पाहिजे. पण आपल्या लेखनात अफवा नेहमी बाहेरून, आपल्यावर चालून येते. मालेगावात ती आपल्याच मोबाइलमधून निघाली होती. ही कथा अजून आपल्याकडून लिहिली गेलेली नाही, आणि ती टाळणारे साहित्य मला अर्धे वाटते, त्या चित्रफितीसारखेच.

उपाय झाले. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एकदम पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. यातून वेग घटतो, वाचन सुधारत नाही. सरकारनेच खरे-खोटे ठरवावे, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. ते योग्यच झाले. ज्याच्यावर टीका होते त्यानेच खोट्याचा शिक्का मारायचा, याला परीक्षण म्हणत नाहीत.

मग काम कोणाचे? मराठीच्या तासाला ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. सोमाटण्यात माझ्या आसपासची पाचवी-सहावीतली मुले तो सहज सोडवतात. हीच मुले घरात आजीला आलेले संदेश वाचून दाखवतात, म्हणजे वाचक तीच आणि प्रसारकही तीच. त्यांना आणखी दोन प्रश्न हवेत: लेखक कोण, आणि याच्यापुढचे कुठे गेले? समीक्षकाचे हत्यार हेच तर आहे. ते आपण कवितासंग्रहांसाठी राखून ठेवले.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या आमच्या सोमाटणे फाट्यावर गाठोडी घेतलेली अनोळखी माणसे उतरतच असतात. कोणी बांधकामावर जाते, कोणी वाट चुकलेले असते, कोणी एखाद्या मुलालाच पत्ता विचारते. राईनपाड्याचे पाच जणही बसमधूनच उतरले होते.