बिऱ्हाडे आणि वस्ती

एखाद्या पेठेची भरभराट किती झाली हे पाहावयाचे असल्यास बाजाराच्या दिवशीची गर्दी मोजून चालत नाही, हे पांढरकवड्यासारख्या कापसाच्या गावी राहणाऱ्यास सांगावयास नको. हंगामात गाड्यांची रांग लागतेच. पेठेचा जीव कळतो तो भर उन्हाळ्यात किती दुकाने उघडी आहेत यावरून. संगणकाच्या जाळ्यावर मतांची देवघेव करण्यासाठी जी विकेंद्रित चर्चास्थाने गेल्या काही वर्षांत निघाली, त्यांच्या वाढीविषयी हल्ली जे लिहिले जाते, त्यात मात्र बहुधा हंगामातील गाड्याच मोजलेल्या आढळतात.

'विकेंद्रित' हा शब्द बोजड आहे, परंतु कल्पना टपालाइतकी जुनी. पांढरकवड्याच्या पेटीत टाकलेले पत्र पॅरिसला पोचते ते दोन्हीकडील टपालखाती एका धन्याची आहेत म्हणून नव्हे. १८७४ च्या करारापासून निरनिराळ्या राष्ट्रांनी एकमेकांची पत्रे पोचविण्याचे मान्य केले म्हणून. तद्वत मॅस्टोडॉन (२०१६) किंवा लेमी (२०१९) ही एकेकटी घरे नव्हेत. ज्यास हवे त्याने आपले घर बांधावे, आपले नियम करावे, आणि ॲक्टिव्हिटीपब या सामाईक करारान्वये शेजाऱ्यांशी बोलत राहावे, अशी ही योजना आहे. तो करार जागतिक मानक म्हणून २०१८ च्या जानेवारीत संमत झाला.

योजना सुंदर खरी. पण लोक तिकडे गेले ते तिच्या सौंदर्यामुळे नव्हे. जुन्या घरमालकाचा राग आला म्हणून ते गेले. आपल्याकडील उदाहरण २०१९ चे आहे. जमावात एकटाच हात न उचलणाऱ्या जर्मन कामगाराच्या प्रसिद्ध छायाचित्रावरून सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद झाले, आणि त्या नोव्हेंबरात हिंदी लोकांची झुंबड मॅस्टोडॉनवर उडाली. काही आठवड्यांत बहुतेक मंडळी परत फिरली, कारण ज्यांच्याशी भांडावयाचे ते सारे जुन्याच ठिकाणी राहिले होते! २०२२ च्या ऑक्टोबरात ट्विटरची मालकी बदलली तेव्हा हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. मॅस्टोडॉनवर महिन्याकाठी वावरणाऱ्यांचा आकडा सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेला, आणि पुढे निम्म्याहूनही खाली आला. यास वाढ म्हणावे की पूर?

लेमीची गोष्ट लहान आहे, पण आमच्या मते अधिक बोधक. मॅस्टोडॉनवर माणसाच्या मागे जावयाचे असते, लेमीवर विषयाच्या. रेडिटने बाहेरच्या कारागिरांकडून जबर शुल्क घेण्याचे ठरविले, तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये हजारो मंडळे निषेधार्थ बंद राहिली आणि लेमीवरील वावर पन्नास हजारांच्या पुढे गेला. नंतर तो उतरला, पण सारा ओसरला नाही. त्याच महिन्यात बीहॉ या घराने लेमी डॉट वर्ल्ड या नवख्या, अफाट वाढलेल्या घराशी व्यवहार तोडला. येणाऱ्यांचा लोंढा आपल्या मूठभर व्यवस्थापकांस आवरत नाही, हे कारण. अनेकांनी हा या पद्धतीचा पराभव मानला. आम्हांस तसे वाटत नाही. शेजाऱ्याकडे गोंगाट झाला तर आपले दार लावून घेता यावे, यासाठीच तर स्वतंत्र घर बांधावयाचे.

खरा धोका निराळाच होता, आणि तो के-बिन या प्रतिस्पर्ध्याच्या वाट्यास आला. पोलंडमधील एका कारागिराच्या खांद्यावर ते सारे उभे होते; त्याच्याने झेपेना, आणि २०२४ मध्ये त्याचे मुख्य घर बंद पडले. परंतु त्याच्या ओळी घेऊन इतरांनी एम-बिन आधीच सुरू केले होते, आणि के-बिनवर झालेल्या पुष्कळ चर्चांच्या प्रती शेजारच्या घरांत राहिल्या. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, किंवा बंगळूरचे कू २०२४ मध्ये, तेव्हा अशी शेजारघरे नव्हती.

ब्लूस्काय या सर्वांस मागे टाकून पुढे गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची खाती दोन कोटींवर गेली. तेही विकेंद्रित म्हणवते, आणि खाते उचलून दुसरीकडे नेण्याची सोय त्याच्या रचनेत आहे. पण जवळजवळ सारी वस्ती अद्याप एकाच कंपनीच्या वाड्यात आहे. किंबहुना घर निवडण्याची कटकट नको, या सोयीमुळेच ते वाढले. म्हणजे सर्वांत अधिक वाढले ते व्यवहारात सर्वांत कमी विकेंद्रित, ही गोष्ट आकड्यांचे कौतुक करणारे सांगत नाहीत.

मराठी वाचकास याचे काय? आपल्याकडे मायबोली १९९६ पासून आहे. पुढे शुद्धलेखनाची शिस्त बाळगणारे मनोगत, मोकळ्या गप्पांचे मिसळपाव (२००७) आणि ऐसी अक्षरे (२०११) ही स्थाने निघाली. मराठीतील कितीतरी चांगले गद्य याच ठिकाणी प्रथम लिहिले गेले, आणि ते लिहिणारे पुष्कळसे लेखक व्यवसायाने लेखक नव्हते. परंतु ही घरे एकमेकांशी बोलत नाहीत. एकीकडील लेखावर दुसरीकडून उत्तर देता येत नाही. तेथे नव्याने खाते काढावे लागते, आणि मतभेद झाला की सारे लेखन मागे टाकून बाहेर पडावे लागते. बोलणारे थोडे, आणि तेही वेगवेगळ्या कुंपणांत!

ही तक्रार आम्ही उगाच करीत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी आम्ही 'कपाशी' आणि 'पऱ्हाटी' या शब्दांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. अकोल्यापासून आदिलाबादपर्यंतच्या लोकांनी उत्तरे दिली. वेचणीचे, सरकीचे, डवरणीचे असे शब्द निघाले की जे कोशांत आम्हांस सापडले नव्हते. एके दिवशी ते ठिकाण उघडेना. चालकांस दोष देण्यात अर्थ नाही. खर्च त्यांच्या पदरचा होता. पण प्रत कोणापाशीच नव्हती.

म्हणून मराठीपुरता आमचा कौल, आकडे लहान असूनही, लेमीसारख्या रचनेस आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालयाने एकेक घर चालवावे, हे दिसते तितके खर्चाचे काम नाही. पहारा देणारी चार माणसे मिळणे हेच कठीण. त्या चर्चेतील उत्तरांपैकी आज आम्हांस तीनच आठवतात. त्यांतील एक पाटणबोरीच्या एका शेतकऱ्याचे होते, आणि त्याने दिलेला शब्द आम्ही विसरलो आहो.