थापटणे आणि नाडी : हृद्गतीच्या नियमनात वय व लिंग

तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने थापटणे कशासाठी असते असे विचारले, आणि काकांनी त्याच थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पक्के कोण व कच्चे कोण ते ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. कच्चे ठरले ते नामदेव. वयाने धाकटी, त्यातून मुलगी असलेली मुक्ताबाई मात्र पक्की ठरली. वय व लिंग यांना गौण मानणारी ही कसोटी अध्यात्मात शोभते; देहाच्या शास्त्रात ती जशीच्या तशी चालत नाही. तेथे एकाच आवाजाचा अर्थ मडक्यागणिक बदलतो. तरीही नाडीच्या एका आकड्यावरून हृदयाच्या चेतानियंत्रणाविषयी निर्णय देण्याची प्रवृत्ती व्यवहारात आणि क्वचित संशोधनातही आढळते.

हृदयाची गती दोन प्रभावांच्या ओढाताणीतून ठरते. अनुकंपी तंत्रिका ती वाढवितात. प्राणेशा म्हणजेच व्हेगस तंत्रिका तिला आवरून धरते. जोस व कॉलिसन यांनी अ‍ॅट्रोपीन व प्रोप्रॅनोलॉल ही औषधे देऊन दोन्ही प्रभाव रोखले आणि हृदयाची मूळची गती मोजली. १९७० साली त्यांनी दिलेल्या सूत्रानुसार ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करावयाची असते. म्हणजे विसाव्या वर्षी ही गती सुमारे १०७, तर साठाव्या वर्षी ८४ भरते. आता दोघांचीही विश्रांतीतील नाडी ७२ असली, तर तरुणाच्या हृदयावरील निव्वळ आवर ३५ ठोक्यांचा आणि वृद्धाच्या हृदयावरील अवघा १२ ठोक्यांचा होतो. आकडा तोच, त्यामागचा कारभार निराळा. म्हाताऱ्याची नाडी तरुणासारखी चालते असे प्रशस्तिपत्र देणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

लिंगभेदाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. उमेतानी व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली १० ते ९९ वर्षे वयाच्या २६० निरोगी व्यक्तींच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या. तिशीच्या आतील स्त्रियांत ठोक्यांमधील अंतराची चंचलता पुरुषांहून कमी आढळली. पन्नाशीनंतर हा भेद मावळला. एवढ्यावरून तरुण स्त्रीचे प्राणेशा-नियंत्रण दुबळे, असा निष्कर्ष सहज निघतो, आणि तो चुकीचा आहे. कोनिग व थेअर यांनी २०१६ साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून दाखविले की, स्त्रियांची नाडी जलद आणि एकूण चंचलता कमी असली, तरी श्वासाच्या लयीशी निगडित असा तिचा अंश स्त्रियांत अधिक असतो. आणि प्राणेशेच्या प्रभावाची खूण म्हणून मानला जातो तो हाच अंश. एकूण मापात जे दिसते त्याच्या उलट अंशात दिसते. शिवाय मासिक चक्राच्या अवस्थेनुसार हे माप बदलते. तिची नोंदच न घेता ‘स्त्रिया’ असा एकच गट करणारे निबंध कितपत ग्राह्य मानावेत?

व्यवहारातील अनर्थ कमाल हृद्गतीच्या सूत्राने होतो. २२० वजा वय हा नियम १९७१ सालच्या फॉक्स, नॉटन व हॅस्केल यांच्या लेखामुळे रूढ झाला. तो स्वतंत्र प्रयोगातून नव्हे, तर जमविलेल्या आकड्यांवरून अदमासाने बांधलेला होता. तनाका आदींनी २००१ साली २०८ वजा वयाची ०.७ पट असे सूत्र दिले. गुलाटी आदींनी २०१० साली स्त्रियांसाठी २०६ वजा वयाची ०.८८ पट असे. साठ वर्षांच्या स्त्रीची अपेक्षित कमाल गती पहिल्या नियमाने १६०, दुसऱ्याने १६६, तिसऱ्याने १५३ येते. तेव्हा तेरची एखादी साठीची कुंभारीण श्रमचाचणीत आपल्या पूर्ण शक्तीनिशी १५३ पर्यंत पोहोचली, तरी जुन्या नियमाने ती सात ठोक्यांनी कच्चीच ठरावयाची. पुन्हा हे तिसरे सूत्र शिकागो परिसरातील स्त्रियांवरून काढलेले आहे. माती मळण्यात जन्म गेलेल्या बाईच्या हृदयाला ते बिनचूक लागू पडेल, असे त्यावरून गृहीत धरता येत नाही.