आयसोक्रॉनिक फाटा: नावात काय आहे?

अलँ मार्टिन यांचा १९९० चा पेपर (डिले-इन्सेन्सिटिव्हिटीच्या मर्यादांवरचा) आमच्याकडे जितका उद्धृत होतो तितका वाचला जात नाही, असं माझं मत झालंय. बहुतेक जण एवढंच उचलतात: पूर्ण डिले-इन्सेन्सिटिव्ह सर्किट व्यवहारात अशक्य. पेपर म्हणतो ते वेगळं आहे. फक्त एकच आउटपुट असलेली गेट्स वापरायची ठरवली, तर हाती सी-एलिमेंट आणि साधे बफर-इन्व्हर्टर उरतात.

का? घड्याळ नाही आणि वायर कितीही वेळ घेऊ शकते. म्हणून प्रत्येक बदल पोचल्याची पावती पुढच्या गेटच्या आउटपुटनेच द्यायला हवी. ऑर गेट घ्या. एक इनपुट १ झालं, आउटपुट १ झालं. आता दुसरं इनपुटही १ झालं, तर आउटपुट ढिम्म हलत नाही. तो बदल पोचला की अजून वाटेतच आहे, कळायला मार्गच नाही! म्युलरच्या सी-एलिमेंटमध्ये ही भानगड नाही. सगळी इनपुट्स १ झाली की १, सगळी ० झाली की ०, एरवी आधीचीच किंमत धरून बसतं.

युक्तिवाद चोख आहे, पण 'एकच आउटपुट' ही अट फार काम करते. यो एबर्गेन यांनी १९८७ मध्येच आइंडहोवनच्या प्रबंधात अनेक आउटपुटच्या मोठ्या घटकांतून अशी सर्किट्स बांधून दाखवली होती. घटकाच्या पोटात वेळ सांभाळावी लागते, बाहेरच्या वायरींबद्दल मात्र काही गृहीत धरावं लागत नाही.

माझी खरी तक्रार मार्टिन यांनी काढलेल्या तोडग्याच्या नावाबद्दल आहे. वायरला फाटा फुटतो. एका फांदीवरून पावती आली की दुसरीवरही सिग्नल पोचला असं मानायचं. तोडगा कागदी नाही, १९८९ चा कॅलटेकचा १६ बिटी प्रोसेसर त्यावरच उभा होता. पण 'आयसोक्रॉनिक' म्हटलं की दोन्ही फांद्यांना सारखाच वेळ लागायला हवा असं वाटतं. गरज त्याहून सैल आहे: पावतीमुळे सुरू झालेला बदल काही गेट्स ओलांडून त्याच गेटवर येईल, त्याआधी दुसऱ्या फांदीचा सिग्नल तिथे पोचला की झालं.

म्हणजे ही शर्यत आहे, आणि ती लेआउटनंतर तपासावी लागते. तरी 'क्वासी' हे बिरुद लावून, किती फाटे गृहीत धरले ते न सांगता, सर्किट कुठल्याही परिस्थितीत चालेल असं लिहिणारे पेपर दिसतात. माझ्या अ‍ॅडरमध्ये दोन फाट्यांवर ही शर्यत चुरशीची निघाली. दोन्हीकडे लांबची फांदी पलीकडच्या ब्लॉकमध्ये जाते. आता ती गेट्स जवळ आणून पुन्हा मोजतेय.